खांद्यावरची मुद्रा

आमच्या घरात मागच्या दारानं येणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. पाहुणे पुढून, मठातले आचार्य पुढून, अप्पा आडुतुरैहून पॅसेंजरनं येत तेही पुढून. खेळून आलेल्या मला मात्र बोळातून वळसा घालून, केळीच्या बुंध्यांतून वाट काढत विहिरीपाशी यावं लागे. तिथं आई पोहरा भरून उभीच असायची. "अस्कं सोड अंगावरचं, तेथेंच सोड! पुढें येऊं नकोस!" असं म्हणत ती लांबूनच पहिला पोहरा माझ्या डोक्यावर ओतायची. 'अस्कं' म्हणजे सगळं. माझी बायको पुण्याची. तिनं लग्नानंतर आईचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तुमच्या घरात बखर बोलतात की काय?" मी म्हटलं, बाई गं, आमचे पूर्वज तंजावरला आले ते सोबत जेवढी मराठी होती तेवढीच घेऊन आले, वाटेत बदलायला दुकान नव्हतं. तीच अजून पुरवून पुरवून वापरतोय. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आता हे लिहितोय त्यातलंही शुद्ध ते बायकोचं समजा आणि आडदांड ते माझं.

विहिरीची ही तऱ्हा कशासाठी, तर अप्पांच्या सोवळ्यासाठी. अप्पा आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात कारकून होते. दिवसभर तिथं तांदळाच्या वाणांची नावं टंकत आणि संध्याकाळी घरी येऊन स्नान करून धोतर-उपरणं नेसले, की मग त्यांना कुणी शिवायचं नाही. रागीट नव्हते हो, अजिबात नव्हते. उलट गोड बोलायचे, थट्टा करायचे, पण हातभर लांबून. मी शाळेत पहिला आलो तेव्हाही त्यांनी लांबूनच "शाबास रे हणम्या" म्हटलं आणि खडीसाखरेचा खडा वरून माझ्या ओंजळीत टाकला. त्यांनी मला जवळ घेतल्याची एखादी आठवण मी पुष्कळदा शोधून पाहिली. मुंजीत मांडीवर बसवलं होतं तेवढीच सापडते. आणि अशा बापाच्या पोटी जन्मून मी पोटासाठी काय केलं, तर सात वर्षं पगार घेऊन परक्या माणसांच्या गळ्यात गळे घातले. रग्बी दुसरं काय आहे? देवालाही थट्टा करायची हौस असते म्हणायची.

कुंभकोणम म्हटलं की लोकांना देवळं आठवतात. मला आठवतो तो आवाज. आमच्या मागच्या गल्लीत पितळी भांडी ठोकणारे होते. पहाटेच त्यांचं टण् टण् सुरू व्हायचं आणि आईची सगळी कामं त्या ठोक्यावर चालायची. कॉफीचं बी दळणं, चिंच कोळणं, अप्पांच्या डब्यात दहीभात दाबणं, सगळं त्याच तालात. सणाच्या दिवशी भांडीवाले सुट्टीवर गेले की आई म्हणायची, "आज हात चालत नाहीं बघ माझा." स्वयंपाकात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची वांग्याची रसवांगी, डांगर पचडी, आंबट वरण. हे पुण्यात कुणाला सांगून कळत नाही आणि करून घालायला आता आई नाही. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायची आणि सकाळी त्यात ताक, मीठ, हिरवी मिरची कालवून मला भलं मोठं पातेलं द्यायची. माझी मान, माझे खांदे, जे काही पुढं हाँगकाँगच्या लोकांना विकत घ्यावंसं वाटलं, ते सगळं त्या पातेल्यातून आलं.

बाकी थोडं देवळातून आलं. आमच्याकडे उत्सवात देवाचं वाहन खांद्यावर घेऊन फिरवतात. जाडजूड दांडे आणि त्यांच्याखाली माणसांच्या रांगा. अप्पा तरुणपणी दांड्याखाली असायचे, नंतर माझी पाळी आली. सगळ्यांनी एका श्वासात उठायचं असतं. एकजण आधी उठला तर त्याचा खांदा जातो आणि एकजण मागं राहिला तर देव कलतो. एरवी संध्याकाळी कावेरीच्या वाळूत सडुगुडु, म्हणजे आपली कबड्डी. तिथं माझा जोडीदार सेल्वम. त्याचे वडील नदीतून वाळूच्या बैलगाड्या हाकत. सेल्वम घरी आला की ओट्यावर बसायचा. आई त्याला ताक द्यायची, भरपूर द्यायची, मायेनं द्यायची, पण त्याच्या पेल्यात वरून धार धरून. तो हसत हसत प्यायचा. मलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटत नसे. सवयीचं माणसाला दिसत नाही.

पुढं मी मद्रासला आत्याकडे राहून कॉलेजात शिकायला गेलो, सेल्वम तिथंच रेल्वेत खलाशी म्हणून लागला, आणि आम्ही दोघं डेस्मंड सरांच्या हाती सापडलो. डेस्मंड सर म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले अँग्लो-इंडियन गृहस्थ. चेहरा विटकरीसारखा, तोंडात अखंड शिवी आणि मनात पाप नाही. त्यांनी कबड्डीच्या मैदानावर माझी मान पाहिली आणि आमच्या कॅप्टनला विचारलं, "हा बैल कुणाचा?" आठवडाभरात मी त्यांच्या क्लबात रग्बी खेळत होतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्यात स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. या बाजूचे आठ आणि त्या बाजूचे आठ एकमेकांना घट्ट मिठी मारून वाकतात, डोक्यात डोकी अडकवतात आणि मग चेंडूसाठी एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेत तिघं. मधला दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर टाकून लोंबकळतो, तो आमचा सेल्वम. शेजारचे दोघं म्हणजे टेकू, त्यांना प्रॉप म्हणतात. मी टेकू. पहिल्याच दिवशी मला वाटलं, अरे, हे तर वाहनच! फक्त देव नाही.

घरी कळलं तेव्हा आईनं एकच विचारलं, "लागत तर नाहीं ना फार?" अप्पांनी विचारलं, "किती जण एकमेकांस धरतांत?" मी म्हटलं, सोळा. अप्पांनी उपरणं जरा जवळ ओढलं. मग म्हणाले, "घामासकट?" त्यानंतर त्यांनी त्या खेळाचं नाव काढलं नाही. डेस्मंड सरांनी मला रोज अंडी खायला सांगितलं होतं, तेही मी मूर्खासारखं आईला सांगून बसलो. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भीमानें काय अंडीं खाऊन बकासुर मारला? गाडाभर भात खाऊन मारला! भात मी घालतें, सांग तुझ्या त्या सरांस." आमचं घर माध्वांचं, मध्वाचार्यांना हनुमंत-भीमाचा पुढचा अवतार मानणारं, म्हणजे हनुमंत आणि भीम हे घरचेच लोक. माझं नावही हणमंत राव. आईचा निकाल फिरणार नव्हता आणि मी अंडं खाल्लं नाही ते आजतागायत.

आणि मग ते हाँगकाँगचं आलं. तोवर रग्बी खेळून पैसे घेणं म्हणजे मोठा गुन्हा होता, घेणाऱ्याला खेळातून हाकलून देत. त्याच सुमारास तो नियम उठला आणि जगभर क्लब पगारावर माणसं शोधू लागले. हाँगकाँगच्या एका क्लबाला टेकू हवा होता. त्यांचा माणूस मद्रासला येऊन एक सामना बघणार आणि पसंत पडला तर एकाला नेणार. डेस्मंड सरांनी मला कानाला धरून सांगितलं, "तू जाणार. दुसरा कोणी जाण्यासारखा इथं नाही. फक्त त्या दिवशी मरू नकोस." मी तेवीस वर्षांचा होतो. डिग्री होती, नोकरी नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बैलमानेची कुणाला किंमत होती. मला जायचंच होतं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

पण सामना नेमका आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी.

आता आमच्यात आषाढी एकादशी म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या दिवशी मठाचे स्वामी होम करतात आणि त्या अग्नीत शंख-चक्राचे धातूचे शिक्के तापवतात. मग आम्ही सगळे उघड्या अंगानं रांगेत जातो आणि स्वामी तो तापलेला शिक्का प्रत्येकाच्या अंगावर टेकवतात. उजव्या दंडावर खांद्यालगत चक्र, डाव्यावर शंख, छातीवर, पोटावर. बायकांना मनगटाच्या वर. हीच तप्तमुद्रा. चट्दिशी भाजतं, आठ-पंधरा दिवसांत खपली धरते आणि बहुतेकांची हळूहळू दिसेनाशी होते. देवाच्या माणसांवर देवाची खूण, एवढाच अर्थ. शिवाय दिवसभर पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळीच स्नान-पूजा करून पारणं सोडायचं. आमच्या घरातल्या कुणी ती एकादशी चुकवली नव्हती. अप्पांना एका वर्षी टायफॉइड झाला होता, तेव्हा त्यांना दोघांनी धरून रांगेत नेलं होतं.

मी म्हटलं, मुद्रा घेईन आणि दुपारच्या बसनं निघेन. अप्पा म्हणाले, "आणि पारणें? बसस्टँडावर कॉफी पिऊन सोडशील!" मी म्हटलं, आत्याकडे सोडीन. "तिच्याकडे नळाचें पाणी." मग विहिरीकडे बघत म्हणाले, "मीच येतों." आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. अप्पांनी रजा काढून मद्रासला जायचं हे आमच्या घरात आत्याच्या लग्नानंतर घडलं नव्हतं. मला वाटलं, झालं, हे डोक्यावर बसायला येणार. मला हसूही आलं आणि धडकीही भरली.

एकादशीला मठात ही गर्दी. होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, पोटात आग, आणि पुढं सरकणारी उघड्या पाठींची रांग. पट्टीश्वरम्, तिरुप्पनंदाळ, कुठून कुठून आमचे लोक आले होते. पोरं रडत होती, म्हातारे हसत होते. अप्पा माझ्यापुढे. त्यांनी आपली मुद्रा घेतली, नमस्कार केला आणि बाजूला व्हायच्या ऐवजी वाकून स्वामींच्या कानाशी काहीतरी बोलले. स्वामींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी शिक्का पुन्हा निखाऱ्यात धरला. एरवी शिक्का नुसता टेकतो, त्या दिवशी तो माझ्या दंडावर बसला. आधी चक्र, मग शंख. मी ओठ चावून उभा राहिलो. कातडी करपल्याचा वास मला माझा मला आला. बाहेर आलो तेव्हा दोन्ही दंडांवर टपोरे फोड धरू लागले होते. अप्पांना म्हटलं, "काय सांगितलंत त्यांना?" ते म्हणाले, "चल, बस चुकेल." बस्स, एवढंच.

द्वादशीला मद्रासमध्ये, मयिलापूरला आत्याच्या घरी पारणं झालं. पाणी कुंभकोणमच्या विहिरीचं, पितळी कूजात, म्हणजे फिरकीच्या तांब्यात, भरून, वर झाकण घट्ट फिरवून आणलेलं. शाकव्रत लागल्यामुळे भाजी वर्ज्य. नुसता भात, मुगाचं वरण आणि तूप. मी भीमासारखा जेवलो. मग अप्पा शर्ट घालून, हातात सोवळ्याच्या वस्त्राची पिशवी आणि कूजा घेऊन, माझ्याबरोबर क्लबाच्या मैदानावर आले. व्हरांड्यात सभासद चहा पीत होते. त्यांच्यापासून दूर, कडुनिंबाखाली एक बाक होता, अप्पा त्यावर रुमाल पसरून बसले. सेल्वमनं त्यांना लांबूनच हात जोडले. "डेय रावा, अप्पावैये कूट्टिवंदुट्टाया!" म्हणजे बापालाच घेऊन आलास की रे! त्याच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं.

समोरच्या संघात माझ्याशी भिडणारा गडी लष्करातला, दाराएवढा. स्क्रममध्ये समोरचा टेकू आपली बाही मुठीत पकडतो. त्याची मूठ पडली ती नेमकी चक्रावर. पहिल्याच स्क्रमला तो फोड फुटला आणि सेल्वमच्या पकडीखाली शंखाचाही. डोळ्यांपुढे काजवे म्हणतात ते काय असतं ते तेव्हा कळलं. दुसऱ्या स्क्रमला मी नकळत खांदा चोरला, तिसऱ्याला आमची रांगच कोसळली. सेल्वम खालून ओरडला, "काय करतोयस, मरायचंय का मला?" डेस्मंड सर काठावरून ज्या शिव्या देत होते त्या इथं लिहिता येणार नाहीत. हाँगकाँगचा पाहुणा शांतपणे बघत उभा होता. उंच, लाल मानेचा, हाफ पँटीतला माणूस. मध्यंतराला तो सरळ माझ्याकडे आला. जर्सीच्या बाह्या ओल्या लाल झाल्या होत्या. "काढ ती," म्हणाला.

मी जर्सी काढली. दोन्ही दंडांवर रुपयापेक्षा मोठे सोललेले गोल, कडेनं पाणी सुटलेलं, छातीवर आणखी दोन लाल चट्टे. तो माणूस दोन पावलं मागं सरला. मघाशी माझ्या पाठीवर ठेवलेला हात त्यानं पँटीला पुसला. "याला कोणी हात लावू नका!" तो मोठ्यानं म्हणाला. या खेळात गालाला गाल घासतो, त्यामुळे एकाच्या कातडीचा रोग आठवड्यात अख्ख्या संघाला होतो, म्हणून अशा खेळाडूला मैदानाबाहेर काढायचा नियमच आहे. हे मला नंतर समजलं आणि ते खरंही आहे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगू लागलो, सेल्वमनं सांगितलं, डेस्मंड सरही म्हणाले की हे धर्माचं काहीतरी आहे. तो मान हलवत राहिला. खेळायला मिळावं म्हणून पोरं असंच काहीबाही सांगून रोग लपवतात, आपण एकदा फसलोय, म्हणाला. "दुसरा टेकू आणा. संपलं."

पोरं माझ्यापासून दूर झाली. रोज माझ्या घामात घाम मिसळणारी पोरं! कोणी टॉवेल मागं घेतला, कोणी पाण्याची बाटली. सेल्वम तेवढा जागचा हलला नाही. मी गवतावर एकटाच उघडा बसलो आणि माझं डोकं फिरलं. कडुनिंबाखालून अप्पा येताना दिसले. मला स्वामींच्या कानाशी वाकलेली त्यांची पाठ आठवली आणि सगळा उलगडा झाला असं वाटलं. यासाठीच आला होतात तर! मी मराठीत ओरडलो, "झालं तुमच्या मनासारखं? दाबून घालायला सांगितलीत ती यासाठीच ना? जाऊ नये मी म्हणून?" मैदानावर कुणाला अक्षर कळलं नाही, पण व्हरांड्यातले लोक चहा खाली ठेवून बघू लागले.

 अप्पांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या पोरांकडे बघत होते, माझ्याभोवती गोल करून हातभर लांब उभ्या राहिलेल्या पोरांकडे. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. आपल्या लेकराचा स्पर्श नको म्हणून माणसं मागं सरली, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. विहिरीवरचा तो लांबून ओतलेला पोहरा त्यांना तिथं आठवला की नाही, मी कधी विचारलं नाही. मला मात्र आठवला.

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. एवढ्या लोकांत, त्या साहेबी क्लबात! शर्ट, मग बनियन. काटकुळं अंग, जानवं, आणि दोन्ही दंडांवर ताजी मुद्रा. उजवीकडे चक्र, डावीकडे शंख. माझ्याइतकी खोल नाही, पण तीच. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि सरकारी कचेरीतल्या इंग्रजीत त्या लालमान्याला म्हणाले, "सर, काइंडली सी. फादर अँड सन. सेम सील. डिसीज नो, सर. गॉड्स सील." तो गोंधळून बघत राहिला. अप्पा आणखी एक पाऊल पुढं गेले आणि आपला दंड त्याच्यासमोर धरला. "टच अँड सी, सर."

माझे अप्पा हे म्हणाले. मी तिथंच होतो, माझ्या कानांनी ऐकलं. त्या माणसानं वाकून नीट पाहिलं, अंगठ्यानं अप्पांच्या दंडावरची चक्राची कड चाचपली, मग माझी पाहिली, पुन्हा अप्पांची. चक्राच्या आऱ्यांपर्यंत सगळं सारखं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "गुड लॉर्ड," एवढंच म्हणाला. मग डेस्मंड सरांना म्हणाला, रक्त दिसता कामा नये, नीट बांधलं तर खेळू दे.

बांधायला काय? क्लबाच्या पेटीत चिकटपट्टी होती, ती ओल्या जखमेवर धरेना. अप्पांनी पिशवी सोडली. आत पानात बांधून ठेवावं तसं जपून घडी केलेलं सोवळ्याचं उपरणं होतं, परतल्यावर पूजेला लागणारं, जे आई काठीनं वाळत घालायची. त्यांनी ते दातांत धरून टराटरा फाडलं. "धर रे याचा हात," सेल्वमला तमिळमध्ये म्हणाले. सेल्वम बावरला, माझ्याकडे बघू लागला. "अरे धर! बघतोस काय?" सेल्वमनं माझा दंड धरला, अप्पा त्याच्या बोटांवरून पट्टी फिरवत गेले. माझ्या घामानं, रक्तानं, सेल्वमच्या चिखलानं त्यांचे हात माखले. मी खाली मान घालून विचारलं, "अप्पा, स्वामींना काय सांगितलं होतंत?"

"काय सांगणार?" गाठ मारता मारता ते म्हणाले. "म्हटलें, पोर परदेशीं जातोय. तेथें पुढच्या वर्षीं मुद्रा घालणार कोण त्यास? टिकेल अशी घाला. घासून पुसून जाईल अशी नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूं जाणार हें मज ठाऊक होतें रे. इतकी मेली लागेल हें ठाऊक नव्हतें." आणि उरलेल्या चिंधीनं माझ्या कोपरापर्यंत ओघळलेलं रक्त पुसलं.  ओरडलेलं परत कसं घेणार?  सेल्वमनंच माझ्या पाठीत गुद्दा घातला. "चल रावा. देव उचलायचाय."

पुढच्या अर्ध्या तासात मी काय खेळलो ते मला सांगता येणार नाही, सेल्वम सांगतो ते मी मान्य करतो. त्या दाराएवढ्या गड्याची मूठ पुन्हा त्याच जागी पडली, पुन्हा काजवे दिसले, पण खांदा मी चोरला नाही. एकदा आम्ही त्यांना रेटत रेटत पार रेषेपलीकडे नेलं, तेव्हा काठावरून एक आवाज आला, "उचल! अस्के मिळून उचला!" तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत रग्बीला पाठिंबा त्याआधी कुणी दिला नसेल. सामना संपल्यावर लालमान्यानं माझ्याशी हात मिळवला आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. अप्पांनी कूजा उघडला आणि सेल्वमपुढे धरला. सेल्वम ओंजळ करू लागला तर म्हणाले, "अरे, ओंजळ कशाला? घे, तोंड लावून पी." आणि स्वतः त्याच कूजातलं उरलेलं पाणी प्यायले.

हाँगकाँगची सात वर्षं, तिथला दमटपणा, दहीभातासाठी केलेल्या कसरती, मोडलेली कॉलरची हाडं, हे सगळं वेगळं सांगण्यासारखं आहे. आज माझं वय पन्नाशीचं आणि गुडघ्यांचं सत्तरीचं. पण त्या पहिल्या वर्षाबद्दल एक सांगायचं राहिलं. पुढच्या आषाढीला मी तिथंच होतो, उपास केला आणि सराव केला. सुट्टी मिळाली ती ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, कावेरीत तुळास्नान चालतं तेव्हा. घरी पोचलो तो सवयीनं मागच्या दाराकडे वळलो. आई पुढच्या दारातून ओरडली, "तिकडे कोठें चाललास? चोर आहेस काय? पुढून ये!" दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पांबरोबर घाटावर गेलो. नदी भरून वाहत होती. अप्पांनी उपरणं पायरीवर ठेवलं आणि पाण्यात उतरले. उजाडत होतं. मी त्यांच्या मागं होतो आणि मला त्यांचे दंड दिसले.

उजव्या दंडावर दोन चक्रं होती, शेजारी शेजारी. डाव्यावर दोन शंख. खोल, गडद, चार महिने होऊनही स्वच्छ दिसणारे.

"अप्पा, हे काय?"

त्यांनी आधी अर्घ्य पुरं केलं. मग दंडावर पाणी सोडत, आठवण झाल्यासारखं म्हणाले, "एक माझी. एक तुझी. तूं नव्हतास ना. म्हटलें, तुझी एव्हांना पुसली असेल."

मी पाण्यातून पुढं सरकलो आणि त्यांना धरलं. स्क्रममध्ये धरतात तसं, दोन्ही हातांनी, खांद्यात डोकं घालून. ते दचकले. "अरे, स्नान झालेंय माझें," म्हणाले. पण हलले नाहीत. किती वेळ ते मला माहीत नाही. घाटावरच्या बायका बघत असाव्यात. मागं गल्लीत भांडीवाल्यांचं टण् टण् सुरू झालं होतं. शेवटी त्यांनी माझ्या ओल्या डोक्यावर थापटी मारली, "चल, आतां," म्हणाले, आणि मग तसंच एकमेकांना धरून आम्ही दोघांनी पुन्हा एक बुडी मारली.